अवघड भूस्तरासाठी टीबीएम सज्ज करताना : काय, कोणत्या क्रमानं

टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं मशीन, खडकात अडकलं की बैठकीत पहिलं बोट भूगर्भ अहवालाकडे जातं. हा भ्रंश अहवालात नव्हता, हे पाणी नव्हतं, असं सगळे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण डोंगराखालचा प्रत्येक भ्रंश अहवालात सापडणार नाही, हे टेंडर निघालं तेव्हाही माहीत होतं. मग मशीनवर पुढं भोक घेणारं ड्रिल का नव्हतं? आणि होतं, तर ते बोगद्याच्या तोंडाबाहेरच्या यार्डात ताडपत्रीखाली का पडलं होतं?

या लेखात मुख्यतः खडकातली शील्ड (भोवतीचं पोलादी कवच) असलेली मशीन गृहीत धरली आहेत : सिंगल शील्ड आणि डबल शील्ड, व्यास साधारण ५ ते १० मीटर, काम जलविद्युत किंवा पाणीपुरवठ्याच्या लांब बोगद्याचं. मुंबईसारख्या शहराखाली फेसवर (समोरच्या खणल्या जाणाऱ्या भिंतीवर) दाब राखून चालणाऱ्या मशीनसाठी काय बदलतं, ते एका टप्प्यात वेगळं दिलं आहे.

गल्लत बहुतेक क्रमात होते. मशीनची ऑर्डर आधी जाते आणि अवघड जमिनीची साधनं 'ऑप्शनल' म्हणून नंतर चर्चेला येतात. शील्डमधून जाणारी भोकं, ड्राइव्हचे गिअर, शील्डची लांबी हे सगळं कारखान्यात ठरतं. बोगद्याच्या आत ते बदलायचं म्हटलं तर काय होतं, ते तुर्कस्तानातल्या कार्गी जलविद्युत प्रकल्पात दिसलं. तिथं सुमारे १० मीटर व्यासाचं डबल शील्ड मशीन २०१२ मध्ये सुरू झालं आणि पहिल्या दोनेक किलोमीटरमध्येच इतक्यांदा अडकलं, की सोडवायला बाजूनं सात छोटे बोगदे खणावे लागले. शेवटी छताच्या दिशेनं भोकं घेणारं ड्रिल आणि ड्राइव्हमध्ये जादा गिअर, हे दोन्ही मशीन डोंगरात असतानाच बसवलं. दोन्ही वस्तू ऑर्डरमध्ये असू शकल्या असत्या.

## टप्पा १ : भूस्तराची यादी मशीनच्या भाषेत लिहा

भूगर्भ अहवाल खडकाचं नाव आणि प्रत सांगतो. मशीनची निवड करणाऱ्याला वेगळी उत्तरं लागतात. म्हणून बोगद्याची चेनेजनुसार (सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) यादी करा आणि प्रत्येक पट्ट्यापुढं लिहा : फेस उभा राहील की ढासळेल? खडक शील्डवर आवळेल का, आणि आवळला तर किती तासांत? पाणी किती दाबानं येईल, आणि सोबत वाळू-गाळ आणेल का? कटर झिजवणारा क्वार्ट्झ किती? ओला झाल्यावर चिकटणारा किंवा फुगणारा थर आहे का? वायू?

हिमालयात या यादीत भ्रंश, आवळणारे शिस्ट-फिलाइट आणि मोठ्या दाबाचं पाणी ठळक दिसतं. दख्खनच्या लाव्हा थरांत चित्र निराळं. घट्ट बेसाल्टची दाबक्षमता १०० मेगापास्कलच्या वर सहज जाते, आणि त्याला लागूनच असलेला लाल बोलाचा (दोन लाव्हा थरांमधला मऊ, मातकट) थर पाण्यानं सुटून येतो. डाइकच्या (लाव्हा थरांना छेदून गेलेल्या खडकाच्या उभ्या भिंतीच्या) कडेच्या भेगाळलेल्या पट्ट्यात पाणी साठलेलं असू शकतं. 'बेसाल्ट, म्हणजे चांगला खडक' असं एका ओळीत लिहिलेलं दिसलं, तर लाल बोलाची जाडी आणि उतार कुणी विचारलाय का ते बघा.

पाण्याचा दाब आताच काढून ठेवा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. डोंगरातली भूजल पातळी बोगद्याच्या ३०० मीटर वर असेल, तर पाणी अडवल्यावर ३० बारपर्यंतचा दाब धरून चालावं लागेल. झडपा, सील, ग्राउट (भेगा भरायचं मिश्रण) मारणारे पंप या सगळ्यांना हा आकडा लागतो.

इशारा : सरासरी आकड्यांवर मशीन निवडू नका. दहा किलोमीटर बोगद्याचा सरासरी आरएमआर (खडकाच्या दर्जाचे शंभरपैकी गुण) ५५ असला, तरी मशीन वीस मीटरच्या वाईट पट्ट्यात अडकतं. प्रत्येक प्रश्नाला सर्वांत वाईट पट्टा कोणता आणि तो किती लांब, हे स्वतंत्र लिहा.

तपासणी : यादीतल्या प्रत्येक वाईट पट्ट्यापुढं दोन रकाने भरा. या परिस्थितीला तोंड देणारं साधन मशीनवर कोणतं, आणि ते चालवणार कोण. एकही रकाना रिकामा असेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २ : शील्डचा प्रकार, लांबी आणि ओव्हरकट

डबल शील्ड चांगल्या खडकात वेगवान असतं, कारण ग्रिपरनं भिंती धरून पुढं खणत असतानाच मागं सेगमेंट (अस्तराचे काँक्रीटचे तुकडे, ज्यांची रिंग बनते) बसवता येतात. पण भिंती ग्रिपरला धरू देणार नसतील, तर ते सिंगल शील्डसारखंच रिंगवर रेटून चालवावं लागतं आणि लांबीचा तोटा तेवढा पदरात राहतो. शिवाय दोन शील्डमधल्या टेलिस्कोपिक जोडात चुरा शिरून तो आखडतो. वाईट पट्ट्यांची एकूण लांबी मोठी असेल, तर डबल शील्डच्या वेगाचे कॅटलॉगमधले आकडे बाजूला ठेवून लहान सिंगल शील्डचा विचार करावा, असं माझं मत आहे.

प्रकार कोणताही असो, तीन गोष्टी ऑर्डरमध्ये लिहून घ्या :

१. शील्ड मागं मागं निमुळतं, म्हणजे प्रत्येक मागच्या भागाचा व्यास पुढच्यापेक्षा थोडा कमी.

२. ओव्हरकटची सोय. गेज कटर (सर्वांत बाहेरच्या कडेचे) बाहेर सरकवून त्रिज्येवर जादा जागा मिळवता आली पाहिजे. जास्त ओव्हरकट घेताना कटरहेड (कटर बसवलेली पुढची फिरती चकती) वर उचलण्याचीही व्यवस्था लागते, नाहीतर मशीन तळाकडे बसत जातं.

३. शील्डच्या घेरात बेंटोनाइट (घर्षण कमी करणारी निसरडी माती) सोडायची भोकं, आणि ती मशीन चालू असताना वापरता येतील अशी पाइपजोडणी. भोकं आहेत पण त्यांना पंपच जोडलेला नाही, हे चित्र दुर्मीळ नाही.

नेहमीची चूक : ओव्हरकट 'गरज पडली की घेऊ' म्हणून ठेवणं. मशीन आवळलं गेल्यावर गेज कटर बदलायला हात घालायचीही जागा उरत नाही. यादीतल्या वाईट पट्ट्याच्या आधी, चांगल्या खडकात थांबून ओव्हरकट लावून घ्यायचा.

## टप्पा ३ : कटरहेड

ढासळणाऱ्या फेसमध्ये कटरहेडचं एक काम खणण्याचं आणि दुसरं फेसला टेकू देण्याचं. त्यामुळं बंद, सपाट चेहऱ्याचं हेड घ्या. बकेटची (फुटलेला माल उचलणाऱ्या खाचांची) तोंडं नियंत्रित ठेवा, म्हणजे मोठे धोंडे आत येऊन माल उतरवणारी चुट अडवणार नाहीत आणि सैल माती आपोआप वाहत येणार नाही. तोंडं कमी-जास्त करण्यासाठी प्लेट बोल्टनं लावता येतील अशा ठेवा. वेल्डिंगवर भिस्त ठेवली तर पाण्यात उभं राहून वेल्डिंग करायची वेळ येते.

कटर आतून बदलता येणारे असावेत. फेससमोर माणूस पाठवून कटर बदलणं ही अवघड जमिनीत कुणावरही येऊ नये अशी वेळ आहे. १७ इंची आणि १९ इंची डिस्क कटरमध्ये निवड असेल तर मोठ्या डिस्कला झीज सोसायला जास्त धातू असतो, पण ती जड असते. लहान व्यासाच्या मशीनमध्ये ती आत फिरवायला जागा आहे का, ते आधी बघा.

मऊ आणि कठीण थर एकाच फेसवर आले की डिस्कचे हाल होतात. मऊ भागात डिस्क फिरत नाही, घासत जाते आणि एका बाजूनं चपटी होते. मऊतून कठीण बेसाल्टवर आदळली की कडेचे टवके उडतात. यावर उपाय चालवण्यात आहे : कटरहेडचे फेरे आणि आत घुसण्याची खोली दोन्ही कमी. ही मर्यादा ऑपरेटरच्या स्क्रीनवर आधीच घालून ठेवा. रात्रपाळीत प्रगतीचा आकडा गाठायच्या घाईत ती तोंडी पाळली जाईल असं धरू नका.

## टप्पा ४ : टॉर्क आणि रेटा यांचं गणित

इथं जरा थांबायला हवं. सर्वाधिक गैरसमज याच भागात आहेत.

पहिला गैरसमज : 'मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आहे, फेरे कमी केले की टॉर्क (फिरवायचा जोर) वाढेल.' मोटरच्या मूळ वेगाखाली व्हीएफडी टॉर्क साधारण स्थिर ठेवतो. थोडा वेळ ओव्हरलोड मिळतो, तेवढंच. ढासळलेल्या खडकात रुतलेलं हेड सुटायला कमी वेगाला खरोखरचा जास्त टॉर्क लागतो, आणि तो गिअर बदलूनच मिळतो. कार्गीमध्ये डोंगराच्या आत जादा गिअर बसवायची वेळ आली, ती याच कारणानं. ऑर्डर देताना टॉर्क आणि वेगाचा पूर्ण आलेख मागा. अडकलेलं हेड हलवायचा टॉर्क, तो किती मिनिटं टिकतो आणि किती वेळानं पुन्हा मिळतो, हे तीन आकडे करारात उतरवा.

दुसरा गैरसमज रेट्याबद्दल. खणायला लागणारा रेटा सगळे मोजतात. आवळलेलं शील्ड ओढायला लागणारा रेटा फार कमी जण मोजतात. एक उदाहरण करून बघू.

शील्डचा व्यास ६ मीटर, लांबी ११ मीटर. बाहेरचं क्षेत्रफळ सुमारे २०७ चौरस मीटर. खडकाचा दाब पूर्ण घेरावर सरासरी ५ बार, म्हणजे ५०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर शील्डवरचा एकूण दाब १,०३,५०० किलोन्यूटन होतो. चालत्या मशीनचं घर्षण ०.३० धरलं तर सुमारे ३१,००० किलोन्यूटन रेटा फक्त शील्ड सरकवायला जातो. मशीन थांबून पुन्हा सुरू करताना घर्षण ०.४५ धरलं तर तोच आकडा ४६,५०० वर पोचतो. बेंटोनाइट नीट पोचून घर्षण ०.१५ वर आलं, तर १५,५०० पुरतात.

एवढ्यावरून तीन गोष्टी दिसतात. शील्डची लांबी निम्मी केली तर हा रेटाही निम्मा होतो. बेंटोनाइटची किंमत जादा जॅकपेक्षा फार कमी आहे. आणि आवळणाऱ्या खडकात थांबणं महागात पडतं, कारण थांबल्यावर घर्षणही वाढतं आणि तेवढ्या वेळात खडकही आणखी आवळतो.

तपासणी : आणीबाणीचा पूर्ण रेटा सेगमेंट सोसतील का, हे सेगमेंटचं डिझाइन करणाऱ्याकडून लेखी घ्या. मशीनचा आणि सेगमेंटचा कंत्राटदार वेगळा असेल तर हा प्रश्न दोघांच्या मधे पडून राहतो. मग मशीन सोडवताना रिंगला तडे गेले की पत्रव्यवहार सुरू होतो.

## टप्पा ५ : पुढचं पाहायची सोय

प्रोब ड्रिल (पुढं भोक घेऊन तपासणारं) नसलेलं मशीन अवघड जमिनीत घालू नये, इतकं साधं आहे. पण ड्रिल 'असणं' आणि ते रोज वापरलं जाणं यात मोठी दरी असते.

पायरी एक : भोकांच्या जागा. शील्डच्या पूर्ण घेरात वाटा ठेवा आणि कटरहेडमधून सरळ पुढं जाणाऱ्या काही वाटाही. फक्त छताकडची एकच वाट पुरत नाही, कारण शील्डमधून जाणारं भोक बाहेरच्या बाजूला तिरकं जातं. कोन ७ अंश असेल तर ४० मीटरवर ते बोगद्याच्या कडेपासून जवळजवळ ५ मीटर दूर गेलेलं असतं. म्हणजे वर काय आहे ते कळलं, फेसच्या मधोमध काय आहे ते कळलंच नाही.

पायरी दोन : ड्रिलची जागा. ते मशीनवर कायम बसवलेलं असावं आणि इरेक्टर (सेगमेंट बसवणारा यांत्रिक हात), केबल, व्हेंटिलेशनच्या नळ्या न हलवता चालवता यावं. ड्रॉइंगवर सगळं बसतं. प्रत्यक्षात रॉड जोडताना हायड्रॉलिक नळी आड येते आणि ती वाट कायमची बंद होते.

पायरी तीन : झडप. भोक सुरू करताना आधी केसिंग पाइप खडकात ग्राउटनं पक्का करा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह आणि प्रिव्हेंटर (उसळून येणारं पाणी रोखणारं साधन) बसवा, आणि अपेक्षित दाबाच्या दीडपट दाबानं तपासा. त्यानंतरच पुढं जा. हिमाचलमधल्या पार्वती टप्पा २ प्रकल्पात २००६ मध्ये पुढच्या तपासणीचं भोकच पाण्याच्या थरात घुसलं. सेकंदाला १२० लिटरहून जास्त पाणी आणि हजारो घनमीटर वाळू-गाळ बोगद्यात येऊन मशीन गाडलं गेलं. कडी नसलेलं दार उघडण्याचा हा प्रकार आहे. प्रोबिंग करताय म्हणून सुरक्षित आहात असं समजू नका.

पायरी चार : नोंद. भोक घेताना वेग, दाब, टॉर्क, धुवून येणाऱ्या पाण्याचा रंग आणि प्रमाण यांची आपोआप नोंद व्हावी. परत येणारं पाणी अचानक कमी झालं तर पुढं पोकळी किंवा उघड्या भेगा आहेत. वाढलं तर पाण्याचा थर लागला. लाल-तपकिरी चिखल आला तर दख्खनमध्ये बोलाची शंका घ्या. हे वाचणारा भूगर्भतज्ज्ञ त्याच शिफ्टला बोगद्यात असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात उघडलेल्या फाइलचा काही उपयोग नसतो.

पायरी पाच : वेळापत्रक. ४० मीटरचं भोक, १० मीटरचा ओव्हरलॅप, म्हणजे हाती ३० मीटर. मशीन दिवसाला २० मीटर जात असेल तर दीड दिवसानं पुन्हा भोकं. ही वेळ देखभालीच्या शिफ्टमध्ये बसवा आणि प्रगतीच्या आराखड्यातच धरा.

सीस्मिक पद्धतीनं, म्हणजे टीएसपीसारख्या चाचणीनं, चांगल्या खडकात शंभर मीटरच्या पुढचाही अंदाज येतो. मोठे भ्रंश हेरायला ती चांगली, पाण्याचा दाब मात्र भोकच सांगतं. सेगमेंटच्या बोगद्यात रिसीव्हर खडकापर्यंत पोचवायला रिंगमधून भोकं लागतात, तेव्हा तशी जागा सोडलेले सेगमेंट आधीच ओतून घ्या.

नेहमीची चूक, आणि ती कागदावरची आहे : प्रोबिंगचे पैसे 'इतर कामांत समाविष्ट' धरणं. बीओक्यूमध्ये (कामाच्या बाबी आणि दरांच्या यादीत) प्रोबिंगला मीटरवर स्वतंत्र दर नसेल तर प्रत्येक भोक कंत्राटदाराला नुकसान वाटतं आणि महिन्याभरात भोकं घेणं बंद पडतं. साइटवर शिस्तीचे कितीही बोर्ड लावा, दराची ओळ जास्त काम करते.

## टप्पा ६ : पाणी

उत्तराखंडमधल्या तपोवन-विष्णुगड प्रकल्पात डिसेंबर २००९ मध्ये टीबीएमनं पाण्याचा थर फोडला, तेव्हा सेकंदाला ६०० ते ७०० लिटर पाण्याची नोंद झाली. इतक्या पाण्याला नुसता पंप पुरत नाही. पाण्याची तयारी तीन थरांत करा.

आधी बंद करण्याची सोय : मक (खणलेला माल) बाहेर येणाऱ्या चुटला झाकण, जोडांना आणि शील्डच्या शेपटीला सील, म्हणजे गरज पडली तर मशीन थांबवून पाणी बाहेरच रोखता येईल. तुर्कस्तानातल्या गेरेडे पाणी बोगद्यात, एकूण लांबी ३१.६ किलोमीटर, डबल शील्ड मशीन पाण्यानं अडल्यावर उरलेल्या सुमारे ९ किलोमीटरसाठी असं बंद होऊ शकणारं क्रॉसओव्हर प्रकारचं मशीन आणलं आणि २०१८ मध्ये बोगदा पार पडला.

मग बाहेर टाकण्याची सोय : अंदाजे येणाऱ्या पाण्याच्या किमान दीडपट क्षमता, तीही एक पंप पूर्ण बंद आहे असं धरून. पंप गाळ पेलणारे हवेत. स्वच्छ पाण्याचे पंप वाळूनं लगेच निकामी होतात. बोगदा उताराकडे खणत असाल तर सगळं पाणी फेसकडेच साठतं, तिथं डिझेल जनरेटरचा वेगळा आधार ठेवा.

शेवटी वाचवण्याची सोय : इलेक्ट्रिक पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि पंपाचे स्टार्टर पाण्याच्या संभाव्य पातळीच्या वर. स्टार्टर बुडाल्यावर चांगला पंपही काही करू शकत नाही.

इशारा : धोका फक्त फेसकडून येतो असं धरू नका. तेलंगणातल्या एसएलबीसी (श्रीशैलम डावा कालवा) बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ ला पाणी आणि चिखलासह छत कोसळून आठ जण अडकले. रिंगच्या सांध्यांमधलं झिरपणं रोज मोजा. पाणी गढूळ झालं, तर ते मागची माती धुवून आणतंय असं समजून माणसं मागं घ्या आणि मग कारण शोधा.

## टप्पा ७ : ग्राउटिंग, क्रम न चुकवता

ग्राउटिंगचा पंप, मिक्सर आणि रसायनांचा साठा मशीनच्या मागच्या गाड्यांवर कायम असू द्या. फोन केल्यावर लोकोनं येणारा साठा उशिराच येतो.

१. हेड फेसपासून मागं घ्या. मागं घेता येत नसेल तर हेडभोवती पॉलियुरेथेन फोमचा पडदा तयार करा. हे न करता फेसमध्ये सिमेंट मारलं तर सिमेंट हेडभोवतीच घट्ट होतं आणि मशीन आपल्याच हातानं अडकतं.

२. वाहतं पाणी असेल तर आधी लवकर फुगणाऱ्या रसायनानं वाहणं थांबवा. वाहत्या पाण्यात सिमेंट धुऊन जातं.

३. बाहेरच्या घेरातली भोकं आधी भरा, आतली नंतर.

४. बारीक भेगांत साधं सिमेंट शिरत नाही, तिथं मायक्रोफाइन (अतिबारीक) सिमेंट वापरा. किती पोती गेली यावर समाधान मानू नका. दाब वाढतोय का ते बघा.

५. ग्राउटिंग चालू असताना ठरावीक वेळानं हेड फिरवून घ्या.

६. नवीन तपासणीचं भोक घ्या. त्यातून येणारं पाणी ठरवलेल्या मर्यादेत असेल तरच खणायला सुरुवात.

छताला टेकू म्हणून पुढं पाइप किंवा बार घालत असाल आणि ते बोगद्याच्या आकारात येणार असतील, तर काचतंतूचे घ्या. लोखंडी बार पुढं कटर आणि कन्व्हेयरचा पट्टा दोन्ही फाडतो.

## टप्पा ८ : शहराखालच्या मशीनसाठी वेगळं काय

मुंबई कोस्टल रोडसाठी प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा बोगदा खणणारं 'मावळा' १२.१९ मीटर व्यासाचं स्लरी (चिखलपाण्यावर चालणारं) मशीन होतं. अशा मशीनमध्ये फेसवर दाब राखलेला असतो, म्हणून वरचे बरेच उपाय बदलतात.

स्लरी मशीनमध्ये दगड फोडणारा क्रशर आणि त्याच्या जाळीचं माप बेसाल्टच्या तुकड्यांना अनुरूप हवं. टफ आणि शेलसारखे थर ओले झाले की हेडच्या मध्यभागी गोळा होऊन बसतात, कारण मध्याला फिरण्याचा वेग सर्वांत कमी असतो. मध्यावर पाण्याचे जोरदार फवारे लागतात. कटर बदलायला दाबाखाली माणसं पाठवावी लागतात, तेव्हा मॅनलॉक (माणसांना दाबात आत-बाहेर नेणारी बंद खोली), प्रशिक्षित माणसं आणि डॉक्टर यांची तयारी मशीन उतरवण्याआधी. कटर बदलायच्या जागा आधी ठरवा, चांगल्या खडकात आणि शक्यतो इमारतींपासून दूर. 'झिजल्यावर थांबू' म्हटलं की नेमकं कुठल्यातरी जुन्या चाळीखालीच थांबावं लागतं.

## टप्पा ९ : चाचणी, कारखान्यात आणि साइटवर

चाचणीच्या दिवशी हेड फिरतं, जॅक पुढं-मागं होतात, फोटो निघतात. अवघड जमिनीची साधनं मात्र बहुधा 'इन्स्टॉल्ड' अशी टिक मारून सोडली जातात. तुम्ही हे मागा :

- प्रत्येक वाटेतून खरा रॉड घालून दाखवा, सगळ्या नळ्या आणि इरेक्टर जागेवर असताना.
- आणीबाणीचा टॉर्क आणि रेटा प्रत्यक्ष लावून दाखवा.
- चुटचं झाकण वीज बंद असताना बंद करून दाखवा.
- शील्डच्या प्रत्येक भोकातून बेंटोनाइट बाहेर येतंय हे डोळ्यांनी बघा.
- मिथेनचे सेन्सर हेडमागं, एका कन्व्हेयरवरून दुसऱ्यावर माल पडतो त्या जागी आणि छताजवळ आहेत का, आणि मर्यादा ओलांडल्यावर वीज आपोआप तुटते का. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन स्फोटक असतो, म्हणून तोडण्याची मर्यादा त्याच्या बरीच खाली हवी.

साइटवर जोडणी झाल्यावर हीच यादी पुन्हा. वाहतुकीत सुटे केलेले पाइप परत जोडताना सर्वांत जास्त गोंधळ होतो.

## टप्पा १० : थांबायचे आकडे

साधनं आहेत, पण ती कधी वापरायची हे शिफ्ट इंचार्जनं एकट्यानं ठरवायचं, असं ठेवू नका. आकडे लिहून लावा.

सगळ्यांत उपयोगी आकडा मकच्या वजनाचा. ६ मीटर व्यास, १.५ मीटरचा स्ट्रोक (एका वेळची आगेकूच) म्हणजे अखंड खडक ४२.४ घनमीटर. घनता २.७ धरली तर सुमारे ११४ टन. बेल्टच्या काट्यावर एका स्ट्रोकला १२५ टनांवर आकडा गेला तर फेसवरून जादा माल येतोय, वर पोकळी होतेय. कन्व्हेयर भरभरून चालतोय म्हणून खूश होणारा ऑपरेटर हा इशारा चुकवतो. डब्यांच्या संख्येवरून मोजू नका. फुटलेला खडक किती फुगेल ते दर वेळी बदलतं, आणि पाणी मिसळलं असेल तर वजनातूनही ते वजा करा.

दुसरे आकडे : त्याच रेट्याला टॉर्क अचानक वाढणं, हेड मोकळं फिरवताना लागणारा टॉर्क, शील्ड आणि खडकातलं अंतर, प्रोबच्या भोकातलं पाणी. प्रत्येकाला दोन मर्यादा लावा. पहिलीला कळवायचं, दुसरीला थांबायचं. अपवाद एकच, आवळणारा खडक. तिथं मर्यादा ओलांडली तरी थांबायचं नसतं, उलट बेंटोनाइट चालू ठेवून सलग पुढं जायचं असतं. त्या पट्ट्याच्या अलीकडं कटर तपासणी, कन्व्हेयरच्या पट्ट्याची दुरुस्ती, केबल वाढवणं सगळं उरकून घ्या. सणाची सुट्टी त्या पट्ट्यात येत असेल तर माणसांची बदली आधी ठरवा.

## आणि तरीही अडकलं तर

आधी हेड अडकलंय की शील्ड, ते ठरवा. दोन्हींचा उपाय उलटा आहे. हेड अडकलेलं असताना रेटा वाढवला तर ते आणखी रुततं.

हेडसाठी : रेटा काढा, शक्य तितकं मागं घ्या, बकेट मोकळ्या करा, उलट दिशेनं हळू फिरवून बघा. फेस पुन्हा ढासळत असेल तर हेडपुढं फोमनं पोकळी भरून मग फिरवा.

शील्डसाठी : पूर्ण घेरात बेंटोनाइट, काही वेळ मुरू द्या, मग जादा रेटा टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्याला मागच्या दहा रिंगा बघून या. रिंगला तडे दिसले की रेटा तिथंच थांबवा. त्यानंतर शील्डच्या वरच्या खिडकीतून माणसांनी छतावरचा खडक मोकळा करायचा, आणि त्याआधी तिथला खडक बोल्ट-ग्राउटनं बांधून घ्यायचा. हेही जमलं नाही तरच बाजूनं बगल-बोगदा. तो खणायचा ठरला की त्याच मुक्कामात ओव्हरकट वाढवून घ्या, बुजलेल्या प्रोबच्या वाटा मोकळ्या करा, झिजलेले गेज कटर बदला. हेडपर्यंत पुढून पोचायची संधी मिळतेच आहे.